पाणी किती वाजता?

भाट्याच्या पुलाजवळ किंवा मिऱ्याच्या बंधाऱ्यावर संध्याकाळी काठी घेऊन उभे असलेले पुरुष रत्नागिरीत कुणालाच नवे नाहीत. त्यांच्यात एखादी बाई दिसली की मात्र येणारा-जाणारा गाडी हळू करून बघतो. मी बरीच वर्षं तिथे उभी राहते आहे. मला दोन प्रश्न विचारले जातात. "लागलं का काही?" हा पहिला, तो सगळ्यांनाच विचारतात. दुसरा फक्त मला: "मिस्टर नाही आले?"

नाही आले. त्यांना खारा, चिकट वारा सोसत नाही आणि आमिषाच्या कोळंबीचा वास तर मुळीच सोसत नाही. माझ्या सासरी मासा शिजत नाही, त्यामुळे गरवण्याच्या, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या, ज्या भागात तरी नवरा-बायको एकत्र येऊ शकतील, तो ताटातला भागही आमच्याकडे नाही. त्यांचा जीव संगीत नाटकात. खल्वायन संस्थेची संगीत सभा ते चुकवत नाहीत, सावरकर नाट्यगृहात संगीत नाटक लागलं की पहिल्या घंटेआधी खुर्चीत असतात. तिथे माझं मन रमत नाही. एवढं दोघांनाही एकमेकांविषयी नीट ठाऊक आहे आणि लग्न टिकायला त्याचा अडथळा झालेला नाही.

गरवणं मी वडिलांकडून शिकले, काजळीच्या खाडीकाठी. त्यांच्याकडे काठी-रील नव्हतं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी, शिशाचं वजन, गळ आणि पाण्याचा अंदाज, एवढंच सामान. दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बोटाला काय कळतंय तिकडे लक्ष द्यायचं. शेंगटी आमिष गिळून सरळ निघते, तांबोशी झटका देऊन दगडाकडे पळते, गोबरा कपारीत शिरला की दोरी तुटेस्तोवर बाहेर येत नाही. हे सगळं बोटाला कळायला लागलं की माणसाला त्या काठावरून उठवत नाही. आज माझ्याकडे चांगली काठी आहे, विणलेली दोरी आहे, कृत्रिम आमिषंही आहेत. बोटाचं काम मात्र तेच राहिलं आहे.

घरात शिजवायचं नाही म्हटल्यावर बहुतेक मासे मी सोडून देते, एखादा मोठा लागला तर तो भावाकडे जातो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून ठेवायचा, मासा हातात घेण्यापूर्वी हात ओले करायचे, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. तो थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो. "सोडायचाच तर पकडतेस कशाला?" असं शेजारी विचारतात. क्रिकेट खेळणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद कित्येक वर्षं हाच खेळ खेळत आले आहेत. आपल्या किनाऱ्यावर मात्र मासा म्हणजे एक तर धंदा, नाही तर जेवण. तिसरं काही असू शकतं हे पटायला लोकांना वेळ लागतो.

या खेळाची खरी अडचण आवडी जुळण्यात नाही, वेळ काढण्यात आहे. समुद्राला रविवार कळत नाही. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर करतात: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वा अकराच्या सुमारास. रोज साधारण पाऊण तासाने पाणी पुढे जातं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी पार वर चढतं आणि पार खाली सुकतं; अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा त्याला फारसा जोर नसतो. मासा चरायला काठाशी येतो तो पाणी लागताना, म्हणजे भरती चढताना. त्या दोन-तीन तासांत तिथे असलात तर खेळ, नाही तर नुसतं पाण्याकडे बघणं.

आता हेच पंचांग घरातल्या बाईच्या बाजूने वाचून बघा. आपले सणही तिथीवरच चालतात. फाल्गुनी पौर्णिमेला पाणी सुकून पुन्हा लागतं ते नेमकं संध्याकाळी साडेपाच-सहाच्या पुढे, आणि त्याच वेळी वाडीत होमाची तयारी सुरू असते. शिमगा म्हणजे रत्नागिरीचा सर्वांत मोठा सण, भैरीबुवाची पालखी, दारात रांगोळी, माहेरवाशिणी, चाकरमानी. कोजागिरीला तेच. गणेश चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सकाळी नवाच्या पुढे पाणी चढत असतं आणि त्या सकाळी स्वयंपाकघरातून कुणाची सुटका नसते. समुद्राची उत्तम वेळ आणि घरातली सर्वांत जास्त कामाची वेळ एकाच तिथीवर पडते. पुरुषाला या दोहोंतलं एक सहज निवडता येतं, "मी आलोच पाणी बघून" म्हटलं की झालं. त्याच्या मागे पुरण वाटलं जात असतं.

म्हणूनच जोडीदार हौशीत सामील नाही हे दुःख मला फार मोठं वाटत नाही. त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न, तुम्ही तिकडे असताना इकडचं कोण बघतं, हा आहे. बाहेरचा खेळ एक माणूस खेळतो आणि त्याच्यासाठी वेळ दोघांचा जातो. ज्या घरांत नवरा ट्रेकला, सायकलवर किंवा गरवायला जातो, तिथे हा दुसरा वेळ कुणी मोजत नाही, कारण तो बायकोचा असतो. बायको जाऊ लागली की मात्र पहिल्या दिवसापासून मोजदाद होते.

बायका समुद्रावर कधी गेल्याच नाहीत असंही नाही. सुकती लागली की खडकांवर कालवं फोडणाऱ्या, रेतीतून मुळे नावाचे शिंपले काढणाऱ्या बायका या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या आहेत. भरती-सुकती त्यांना माझ्याहून चांगली कळते. त्यांच्याकडे बघून कुणी गाडी हळू करत नाही, कारण त्या कामाला गेलेल्या असतात. बाईने समुद्रावर कामासाठी गेलेलं चालतं. तिने तिथे स्वतःच्या आनंदासाठी तीन तास उभं राहावं आणि रिकाम्या हाताने घरी यावं, याला मात्र कारण द्यावं लागतं. ते कारण देणं मी बंद केलं, आणि माझ्या नवऱ्याने ते मागणं कधी सुरूच केलं नाही. त्याचं मला फार मोल वाटतं.

गळाच्या खेळातही बाईचं नाव जुनं आहे. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक 1496 सालचं. परंपरेने ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठवासिनीच्या नावावर आहे. ब्रिटनमध्ये काठीने पकडलेल्या सर्वांत मोठ्या सामन माशाचा विक्रम जॉर्जिना बॅलंटाइन हिच्या नावावर आहे: 1922, स्कॉटलंडमधली टे नदी, 64 पौंड, म्हणजे 29 किलो. तिचे वडील तेव्हा होडी वल्हवत होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काजळीचा काठ आठवला.

"दोघांनी मिळून करावं, किती छान," असं म्हणणाऱ्यांना मी पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचं उदाहरण देते, कारण ते आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. नोकरी गेल्यावर ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला आणि तो 1930 साली प्रसिद्ध झाला. पुढे हैदराबाद, त्रावणकोर अशा पक्षी-सर्वेक्षणांत तेहमिना त्यांच्यासोबत रानोमाळ हिंडल्या. 1939 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. असं सहजीवन लाभणं हे भाग्यच. पण ते भाग्य आहे, नियम नव्हे, आणि अशा गोष्टी सांगताना सोबत जाणारी व्यक्ती बहुतेक वेळा पत्नी असते हेही मला दिसतं. बायकोच्या छंदापायी रानात तंबू ठोकून राहिलेल्या नवऱ्यांच्या गोष्टी आपल्याला किती ठाऊक आहेत?

मला तर ते सोबत आलेले नकोच असतात, हे मी मनापासून सांगते. शेजारी कंटाळलेलं माणूस असलं की लक्ष दोरीवरून उडतं. त्यांना डास चावत असतील, पाय दुखत असतील, हेच मनात राहतं. नाट्यगृहात माझ्या बाजूला बसून त्यांचंही तेच होत असणार. दोन माणसांनी एकमेकांना थोडं एकटं राहू द्यावं यात प्रेम कमी पडत नाही, उलट घरी परतल्यावर सांगायला काहीतरी असतं. माशाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही. तो लागला कसा, सुटला कसा, हे मात्र ते शेवटपर्यंत ऐकतात.

आणि ते एक गोष्ट न चुकता करतात. मी निघताना विचारतात, "पाणी किती वाजता?" मी भरतीची वेळ सांगते, जागा सांगते. काळबादेवी, साखरतरची खाडी, मांडवीची जेटी, जिथे जाणार असेन ती. जागा बदलली तर फोन करते. त्या वेळेपलीकडे अर्धा तास झाला की त्यांचा फोन येतो. त्यांना पोहता येत नाही, शेवाळलेल्या खडकावर त्यांना उभंही राहता येणार नाही, पण उधाणात कुठला खडक किती वाजता तुटतो, म्हणजे त्याच्या मागून पाणी फिरून परतीची वाट कधी बंद होते, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं आहे. ज्या खेळाची आवड नाही त्याची एवढी माहिती करून घेणं, याला मी साथ म्हणते.

ही माहिती फार गरजेची आहे. आरे-वारे, गणपतीपुळे इथे माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. खडकावरून गरवणाऱ्याचा धोका वेगळा: तो पाण्यात उतरत नाही, लाट त्याला न्यायला वर येते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी. काठावरून काठी टाकणाऱ्याला ती बंदी लागू नसली तरी त्या दिवसांत खडकावर जाऊ नये. मी जात नाही, आणि नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र निवल्याशिवाय जात नाही.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी असं पाण्यावर किंवा डोंगरात जात असेल, तर त्याच्यासोबत जायलाच हवं असं नाही. तो किंवा ती कुठे जाते, कुठल्या वाटेने जाते आणि किती वाजता परतते, हे विचारून कागदावर लिहून ठेवा. तेवढा वेळ घर तुम्ही सांभाळा आणि नंतर तो वेळ बोलून दाखवू नका. त्याच कागदावर आणखी दोन आकडे लिहा: तटरक्षक दलाचा 1554 आणि आणीबाणीचा 112.