दारात नेऊन बघते हं

साडीवर मॅचिंग ब्लाऊजपीस शोधणाऱ्या बायका दुकानातल्या दिव्यांवर कधीच विश्वास ठेवत नाहीत. "जरा दारात नेऊन बघते हं," म्हणत दोन्ही कापडं उचलायची आणि थेट फुटपाथवर. आपण पिशव्या सांभाळत उभे! पण मंडळी, यात नखरा काही नाही, शुद्ध विज्ञान आहे.

डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. समोरून आलेला अख्खा स्पेक्ट्रम शेवटी तीन आकड्यांत कोंबला जातो. आमच्या धंद्याच्या भाषेत लॉसी कॉम्प्रेशन. त्यामुळे वेगवेगळ्या डायमधली दोन कापडं एका दिव्याखाली सेम टू सेम दिसतात आणि उन्हात नेली की एक मरून, दुसरं चॉकलेटी. याला मेटामेरिझम म्हणतात.

त्यात मेंदूची स्वतःची लुडबूड वेगळीच. प्रकाश कसला आहे याचा तो अंदाज बांधतो आणि तेवढा रंग वजा करून टाकतो. म्हणून पिवळ्या बल्बखालीही कागद पांढराच वाटतो. कॅमेऱ्यातला ऑटो व्हाइट बॅलन्स हेच करतो म्हणा ना. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडणं झाली, आठवतंय? ड्रेस निळा-काळाच होता. पण तो सावलीत आहे असं ज्यांच्या मेंदूने धरलं, त्यांनी निळा रंग वजा केला आणि त्यांना दिसला पांढरा-सोनेरी. फोटो एकच, गृहीतक वेगळं.

शेजारच्या रंगाचंही तेच. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात १८२४ पासून शेवरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. गड्याने तपासलं तर डाय एकदम व्यवस्थित. घोळ होता तो त्या काळ्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्याचा. पुढे १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं.

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ताईचं बाळ. तिसऱ्या दिवशी खोलीतल्या पिवळसर दिव्याखाली ते छान गुलाबी-गोरं दिसत होतं. आईने मात्र त्याला खिडकीशी नेलं, कपाळावर हलकेच बोट दाबून उचललं, आणि म्हणाली, "हा पिवळा आहे." डॉक्टरांनी लगेच रक्त तपासलं. बिलिरुबिन वाढलेलं, म्हणजे कावीळ. फार वाढली तर ती बाळाच्या मेंदूपर्यंत जाते, हे त्या संध्याकाळी कळलं.

मग त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगात फक्त डायपर. आई काचेला नाक लावून, "उतरली का गं थोडी?" असं दर दहा मिनिटांनी विचारत होती. सिस्टर म्हणाल्या, "आजी, या उजेडात नाही कळायचं. आणि बाहेर काढलं तरी आता कातडीवरून धरायचं नाही, ती आधी उजळते. सकाळी रक्त घेऊ, आकडा येईल."

आई खिडकीकडे बघत बसली. बाहेर अंधारच होता.