पट्ट्याचे वय आणि आजींचा प्रश्न

१/ बंदुकीवर ग्रंथ लिहिले जातात; ती खांद्यावर पेलणारा चामड्याचा पट्टा मात्र उपेक्षित राहतो. पट्टा झिजतो, तुटतो, बदलला जातो. म्हणूनच बंदुकीचे साल हे पट्ट्याचे साल नव्हे. त्याची कालनिश्चिती स्वतंत्रपणेच करावी लागते.

२/ एका मैत्रिणीच्या घरी असा एक पट्टा जपून ठेवलेला आहे. पणजोबांनी तो १९१७ साली मेसोपोटेमियाहून आणला, अशी घरातील श्रद्धा. तिच्या आजींनी तो माझ्या हाती दिला आणि विचारले, “आमच्या मामंजींचाच ना गं हा?”

३/ प्रथम रचना पाहिली. एक लांब व एक आखूड असे दोन भाग, त्यांना जोडणारी कडी, टोकांना दुहेरी आकडे, ते अडकवण्यासाठी जोडीजोडीने पाडलेली छिद्रे, आणि चामड्याची दोन सरकती वेढणी. रुंदी सव्वा इंच. हा अमेरिकी सैन्याचा ‘१९०७’ नमुन्याचा पट्टा. तो केवळ बंदूक वाहण्यासाठी नव्हता. त्याचा फास दंडाभोवती आवळून नेम स्थिर करीत.

४/ मग ठसा. आरंभीच्या पट्ट्यांवर रॉक आयलंड शस्त्रागाराचे नाव, साल व तपासनिसाची आद्याक्षरे आढळतात. पहिल्या महायुद्धात खासगी कारखान्यांचे ठसे आले. ‘जी अँड के’ म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील ग्रेटन अँड नाइट. आजींच्या पट्ट्यावर तिरप्या उजेडात अक्षरे उमटली: ‘बॉइट ४३’. आयोवातील बॉइट कंपनी, साल १९४३.

५/ परंतु ठशाची नक्कल सहज होते. आजही असे ठसे मारलेले नवे पट्टे विकले जातात. म्हणून दुसरा साक्षीदार हवा, तो धातू. पहिल्या महायुद्धातील आकडे पितळी. दुसऱ्या महायुद्धात काडतुसांसाठी पितळ राखून ठेवावे लागले, तेव्हा १९४२-४३च्या सुमारास आकडे पोलादी झाले. येथील आकडे पोलादीच होते.

६/ तिसरा साक्षीदार चामडे. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यातील टॅनिन लोखंडाला भेटले की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस यांच्या शाईचे रसायन हेच. पितळ असते तर हिरवट, मेणचट थर साचला असता. येथे प्रत्येक आकड्याखाली त्याच्याच आकाराचा काळा डाग खोलवर मुरलेला होता. धातू आणि चामडे दीर्घकाळ एकत्र होते, याची ही खूण.

७/ तिन्ही साक्षी जुळल्या. १९४३चा पट्टा १९१७ साली येऊ शकत नाही, हे मी आजींना सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझे थोरले दीर आसामात रस्त्याच्या कामावर होते. त्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नसे.” डिसेंबर १९४२ पासून लेडो मार्गाचे काम अमेरिकी सैन्याच्या देखरेखीखाली चालू होते आणि त्यावर असंख्य भारतीय मजूर राबत होते. पट्टा तेथून आला असणे शक्य आहे; सिद्ध मात्र झालेले नाही.

८/ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, हा इतिहास आहे. पणजोबा त्यांत होते की नाही, हे पलटणीच्या नोंदी सांगतील. पट्टा सांगणार नाही. वस्तूची दंतकथा खोटी ठरली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. कधी कधी तर तिच्या आड विस्मृतीत गेलेला दुसराच माणूस उभा असतो.

९/ तुमच्या घरी असा पट्टा असेल, तर त्याला तेल चोपडू नका, आकडे घासून लखलखीत करू नका. तो मळ नव्हे, पुरावा आहे.