पॉइंटांवरील बट्टा

सोलापूरच्या जुन्या पेढ्यांवर एके काळी दोन रुपयांचा हिशेब ठेवावा लागे. एक इंग्रज सरकारचा कलदार रुपया आणि दुसरा निजामाचा हाली सिक्का. शहर इंग्रजी मुलखात होते, पण तुळजापूर-लातूरकडून येणारे गिऱ्हाईक हाली सिक्का घेऊन येई. सात हाली म्हणजे सहा कलदार हा ठरलेला भाव. प्रत्यक्ष बाजारात सराफ आपला बट्टा कापून घेत असे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे काही वर्षांनी हाली सिक्काही चलनातून गेला. त्याबरोबर ‘हा रुपया कोणत्या रुपयात मोजायचा?’ असे रोज विचारण्याची सवयही हळूहळू सुटली.

त्या सवयीची पुन्हा गरज भासावी असे एक नाणे आज व्यापारी घरांत साठत आहे. ते तिजोरीत ठेवता येत नाही आणि कोणतीही बँक ते स्वीकारत नाही. मोठ्या हॉटेल कंपन्या आपल्याकडे वारंवार उतरणाऱ्या पाहुण्यांना जे पॉइंट देतात, ते हे नाणे. पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात खोली मिळते. घरात त्यांना सहसा ‘फुकटची रात्र’ म्हणतात. व्यापाऱ्याने फुकट या शब्दावर विश्वास ठेवू नये, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

सोलापुरातील टॉवेल निर्यातीच्या एका पेढीत दोन वर्षांपूर्वी या पॉइंटांवरून घरात चांगलीच चर्चा झाली. पेढी तीन भावांची. थोरल्या भावाला सारे घर अण्णा म्हणते. दर जानेवारीत फ्रँकफुर्टला भरणाऱ्या हाइमटेक्स्टिल या वस्त्र-मेळ्यासाठी, तसेच मुंबई-दिल्लीच्या खरेदीदारांसाठी अण्णांनी वीस वर्षे प्रवास केला. त्या मुक्कामांचे मिळून त्यांच्या नावावर १,८०,००० पॉइंट जमा झाले होते. त्यांचे काय करावे, एवढाच प्रश्न होता.

मुलाचे म्हणणे सरळ होते. “अण्णा, रुपया पडतोय. पॉइंट डॉलरशी बांधलेले आहेत. जितके थांबू तितके त्यांचे रुपये वाढतील.”

हे म्हणणे अर्धे खरे होते, आणि कोणते अर्धे खरे हे समजण्यासाठी पॉइंट कसे जमतात व कसे खर्च होतात, हे वेगवेगळे पाहावे लागते.

प्रथम जमेची बाजू. मॅरियट बॉन्व्हॉय किंवा हिल्टन ऑनर्स यांसारख्या योजनांत बहुतेक हॉटेलांत खर्चाच्या प्रत्येक अमेरिकन डॉलरमागे १० मूळ पॉइंट मिळतात. बिल रुपयांत असले तरी आधी त्याचे डॉलर केले जातात. २०११ च्या मध्यास डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता. तेव्हा मुंबईत कर वगळून १०,००० रुपयांचे बिल झाले, तर त्याचे २२२ डॉलर आणि २,२२० पॉइंट होत. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरने ८३ रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या भावाने तेच बिल १२० डॉलरचे ठरते आणि पॉइंट १,२०० मिळतात. पैसे तेवढेच गेले, पॉइंट मात्र जवळजवळ निम्मे आले. रुपया घसरला की भारतात राहून पॉइंट कमावणाऱ्याचे नुकसान प्रत्येक बिलागणिक होते, आणि ते बिलावर कोठेही छापलेले नसते.

आता खर्चाची बाजू. न्यूयॉर्कमधील ३२० डॉलरची खोली ४०,००० पॉइंटांत मिळते, असे हिशेबासाठी धरू. एका पॉइंटचे मोल ०.८ सेंट झाले. डॉलर ४५ रुपये असताना ते ३६ पैसे होते. डॉलर ८३ रुपये झाल्यावर ६६ पैसे. म्हणजे स्वस्त डॉलरच्या काळात जमवलेले आणि महाग डॉलरच्या काळात परदेशी वापरलेले पॉइंट खरोखर फायद्याचे. मुलाचे अर्धे सत्य ते हेच.

उरलेले अर्धे कंपनीच्या हातात असते. जमाखर्चाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिलेले पॉइंट हे हॉटेल कंपनीच्या ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे लागतात. पाहुणा ज्याला आपली पुंजी म्हणतो, ते कंपनीच्या वहीत कर्ज असते. कर्ज घेणाराच जर आपल्या कर्जाचे मोल ठरवू लागला, तर सावकाराचे काय होईल हे पेढीवर बसणाऱ्याला सांगायला नको. हिल्टनने २०१७ मध्ये ठरावीक पॉइंटांचा तक्ता काढून टाकला. मॅरियटने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला. आता खोलीला किती पॉइंट लागतील हे दिवसागणिक बदलू शकते. वरच्या उदाहरणातील खोलीला ४०,००० ऐवजी ६०,००० पॉइंट लागू लागले, तर डॉलर ८३ रुपये असूनही एका पॉइंटचे मोल ४४ पैसेच उरते. रुपयाच्या घसरणीने दिलेला ८४ टक्क्यांचा लाभ २३ टक्क्यांवर येतो. बँकेतील ठेवीवर व्याज मिळते. पॉइंटांवर व्याज नाही, बट्टा मात्र आहे, आणि तो सराफाप्रमाणे सांगून कापला जात नाही.

सर्वच योजना डॉलरशी बांधलेल्या नसतात, हेही पाहिले पाहिजे. अकोर कंपनीच्या योजनेत २,००० पॉइंट म्हणजे बिलात ४० युरोची सूट, असा स्थिर भाव आहे. २०२२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस युरो ८० रुपयांच्या आसपास होता, तेव्हा ही सूट ३,२०० रुपयांची होती. २०२५ मध्ये युरो १०० रुपयांवर पोहोचला, तेव्हा ती ४,००० रुपयांची झाली. टाटा समूहाचा न्यूकॉइन मात्र एक रुपयाचा एकच रुपया राहतो. त्यावर परदेशी चलनाचा लाभही नाही आणि जोखीमही नाही. देशातील महागाई तेवढी त्याला पोखरत राहते. म्हणून पॉइंट किती आहेत, हा प्रश्न दुसरा. ते कोणत्या चलनाशी बांधलेले आहेत, हा पहिला.

अण्णांच्या घरी निर्णय अवघड होण्याचे कारण केवळ आकडे नव्हते. त्यांच्या पत्नीला घरात अक्का म्हणतात. वय ६४, गुडघे कुरकुरू लागलेले. अण्णांच्या खात्यावरील प्रत्येक रात्र म्हणजे अक्कांनी घरी सासू-सासऱ्यांची औषधे देऊन, मुलांना निजवून, एकटीने दाराला कडी लावलेली रात्र होती. जपानमधील इमाबारी हे टॉवेलसाठी जगात नावाजलेले गाव पाहावे, असे अण्णांना पूर्वीपासून वाटे. ‘पुढच्या वर्षी तुलाही नेतो,’ हे वाक्य अक्कांनी किती वेळा ऐकले, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. त्यामुळे मुलाने थांबण्याचा सल्ला दिला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पॉइंट थांबतील रे. पाय थांबायचे नाहीत.”

दुसरा पेच भावकीचा होता. पॉइंट अण्णांच्या व्यक्तिगत नावावर, पण बिले पेढीने भरलेली. धाकट्या भावांनी कधी विषय काढला नव्हता. अण्णांनीच तो काढला. बहुतेक योजनांच्या नियमांत पॉइंट ही सभासदाची मालमत्ता मानलेली नसते; त्याच्या पश्चात ते वारसांना हक्काने मिळतीलच असे नाही. ठरावीक काळ, अनेक ठिकाणी १२ किंवा २४ महिने, खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर ते रद्दही होतात. ज्याला वारसा नाही आणि ज्याला मुदत आहे, ते धन वाटून घेता येत नाही. ते वापरूनच त्याची वाटणी होऊ शकते.

मग तिघे भाऊ आणि मुलगा कागद घेऊन बसले. २०२३ चा ऑक्टोबर होता. अण्णांच्या योजनेत फ्रँकफुर्ट आणि जपान दोन्ही ठिकाणच्या साजेशा हॉटेलांत एका रात्रीला ४०,००० पॉइंट दिसत होते. पाहणाऱ्याला वाटावे, दोन्हीकडे भाव एकच. पण त्याच खोल्यांचे नगद दर त्यांनी रुपयांत मांडले आणि फरक उघडा पडला.

मेळ्याच्या आठवड्यात फ्रँकफुर्टला खोली ३२० युरोला होती. त्या योजनेत चार रात्रींच्या पॉइंटांत पाचवी रात्र मिळत होती. म्हणजे १,६०,००० पॉइंट देऊन १,६०० युरो वाचत होते. युरो ९० रुपयांच्या आसपास धरता ही रक्कम १,४४,००० रुपये. एका पॉइंटला ९० पैसे.

जपानमधील खोली ३०,००० येनला होती. २०२१ च्या आरंभी डॉलरला सुमारे १०५ येन मिळत आणि डॉलर ७३ रुपयांना होता. त्या हिशेबाने ही खोली २०,९०० रुपयांची. २०२३ च्या ऑक्टोबरात डॉलरला १५० येन मिळू लागले होते. रुपया डॉलरपुढे घसरला होता खरा, पण येन त्याहून अधिक घसरला होता. तीच ३०,००० येनची खोली आता १६,६०० रुपयांत पडत होती. तेथे ४०,००० पॉइंट देणे म्हणजे एका पॉइंटला साडेएक्केचाळीस पैसे घेणे.

उत्तर कागदावरच लिहिलेले होते. ज्या देशाचे चलन महाग, तेथे पॉइंट द्यावेत. ज्याचे स्वस्त झाले, तेथे नगद मोजावी. पॉइंट फ्रँकफुर्टला खर्च झाले, पेढीचे १,४४,००० रुपये वाचले, आणि भावांच्या संमतीने त्या रकमेतून अण्णा-अक्कांच्या जपानमधील आठ रात्रींचे नगद भाडे निघाले. वर अकरा हजार रुपये शिल्लक राहिले. धाकट्या भावाने ते रोजमेळात जमा करून घेतले. पॉइंटांवर राहिल्यास त्या मुक्कामाचे नवे पॉइंट मिळत नाहीत, ही वजाबाकीही मुलाने करून पाहिली. तरी पारडे फिरले नाही.

या हिशेबाचा एक अपवाद ध्यानात ठेवावा. चलन घसरले म्हणजे हॉटेल स्वस्त झालेच असे नाही. तुर्कस्तानचा लिरा गेल्या काही वर्षांत कोसळला, पण तेथील पुष्कळ हॉटेले परदेशी पाहुण्यांना भाव युरोत सांगतात. लिऱ्याच्या घसरणीचा लाभ त्यांना होतो, पाहुण्याला नाही. म्हणून दर कोणत्या चलनात सांगितला आहे, हे आधी पाहावे.

नगद मोजतानाही बट्टा लागतोच. परदेशात कार्ड वापरले की पुष्कळ बँका २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात. हॉटेलच्या काउंटरवर यंत्र विचारते, बिल रुपयांत की स्थानिक चलनात? आपला रुपया दिसताच हात तिकडे जातो. पण तो भाव यंत्रामागच्या कंपनीने आपला नफा मिळवून ठरवलेला असतो. तेथे स्थानिक चलनच निवडावे. कंपन्या सवलतीत पॉइंट विकतात, तीही खरेदी बहुधा डॉलरमध्ये होते. अधिभार मिळवून एका पॉइंटला किती पैसे पडले, हे काढल्याशिवाय ती करू नये.

घरोघरी करता येईल असा नियम साधा आहे. वर्षातून एकदा, दिवाळीत वही बदलताना, प्रत्येक खात्यावरचे पॉइंट, त्यांचे चलन आणि त्यांची मुदत एका पानावर मांडावी. वापरायची वेळ आली की खोलीच्या नगद दराचे रुपये करून त्याला पॉइंटांनी भागावे. भागाकार मोठा आला तर पॉइंट द्यावेत, लहान आला तर नगद. आणि वर्षभरात वापर होणार नसेल, तर अधिक साठवण्याच्या मोहाने महागड्या हॉटेलात उतरू नये.

अण्णांच्या खात्यावर आता वीस हजार पॉइंट उरले आहेत. मुलगा अधूनमधून डॉलरचा भाव पाहतो. अक्कांनी इमाबारीहून आणलेला टॉवेल मात्र तिजोरीत ठेवलेला नाही. तो रोजच्या वापरात आहे, आणि सोलापुरी टॉवेल अधिक पाणी टिपतो असे त्यांचे ठाम मत आहे.