नांदूर मध्यमेश्वर, पौष

निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा मिळते तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे इथूनच कोपरगाव-राहात्याकडे निघतात. बंधाऱ्यामागे गाळ साचला, त्यात पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं; २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालं.

मला मात्र इथल्या काठावरच्या चापडगावची सकाळ अधिक मोलाची वाटते. कांदा लावायला निघालेल्या बाया, द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर, वरून थव्याने जाणारी बदकं. पाखरं जपायची, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. पण फवारलेलं औषध पावसाबरोबर याच गाळात उतरणार, हा विचार पाठ सोडत नाही. बागायतदाराला तरी दोष कसा द्यायचा? ऐन थंडीत द्राक्षांवर भुरी रोग पडला, तर त्याचं वर्ष जातं.