पंखा ढिम्म!

मोटारीच्या एसीतला गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे हो, जळून संपायला! तो बंद नळ्यांतून फिरतच असतो. कमी झालाच तर कुठंतरी गळती आहे असं समजावं. ती न शोधता नुसता भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

हे सांगायचं कारण, आमच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता "गॅस संपला, वहिनी" म्हणून टाकलं. माझ्या अर्धवेळच्या पगारातला निम्मा त्यातच गेला असता. तसंच सोडावं, तर सासूबाईंना हृदयाच्या तपासणीसाठी सोलापूरहून पुण्याला न्यायचं. अडीचशे किलोमीटर, नि मे महिना!

मी विचार केला, हमरस्त्यावर गाडी धावताना गार लागतं, सिग्नलला थांबलं की भट्टी. म्हणजे गॅस आहेच. हवाही जोरात येते, तेव्हा आतला फिल्टर तुंबलेला नाही. मग एसी लावून, पदर खोचून, लांबूनच डोकावले. रेडिएटरजवळचा पंखा ढिम्म! तो फिरेना, तर पुढच्या कंडेन्सरमधली उष्णता जाणार कुठं? धावत्या गाडीला निदान वारा तरी लागतो.

"दादा, आधी पंख्याचा फ्यूज बघा." उडालेलाच निघाला. नुसता बदलू दिला नाही मी. तो उडाला का, ते शोधायला लावलं. वायर घासून उघडी पडली होती.

नळ्यांची तोंडं मात्र घरी सोडू नका. आत दाब असतो, नि बाहेर उसळलेला गॅस कातडी गोठवतो. ते काम गॅरेजवाल्याचंच.