किती शिट्ट्या?

मासे विकणाऱ्या मुलानं विचारलं, "काका, घरी तूरडाळ शिजायला किती शिट्ट्या लागतात?"

मी निऑन टेट्रांच्या काचेला नाक लावून उभा होतो. प्रश्न इतका आवडला, की टेट्रा तिथंच राहिले. आमच्याकडे डाळ मीच लावतो. म्हटलं, पावसाळ्यात चार, उन्हाळ्यात मी मोजत नाही. "मग मॉली घ्या," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मुलगा रसायनशास्त्र शिकला असेल असं वाटलं नाही, पण बोलला ते चोख होतं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असलं की तो सांधा सुटायच्या ऐवजी आवळत जातो आणि कितीही घोटली तरी वरणात कणी उरते. आता मासा. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही. त्याच्या रक्तात बाहेरच्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी आपणहून आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. मूत्रपिंडं रात्रंदिवस पाणी उपसत असतात, कल्ले रात्रंदिवस क्षार आत ओढत असतात. गळकी होडी बुडू न देता वल्हवत राहायची, असा हा जन्मभराचा उद्योग. आणि डाळीला आवळणारं तेच कॅल्शियम कल्ल्यांच्या पेशींमधल्या फटीही आवळून धरतं. मॉली, गप्पी, प्लॅटी ही मंडळी त्याच्या भरवशावर वाढलेली. कॅल्शियम कमी असलेल्या हलक्या पाण्यात ती पंख मिटून जागच्या जागी डुलत राहतात, आणि नवख्याला वाटतं, नाचतायत.

टेट्रांचं उलटं. कार्डिनल टेट्रा ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीचा. तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, पण ते कुजलेल्या पानांमुळे. क्षार म्हणाल तर पावसाच्या पाण्याहून फार जास्त नाहीत. कॅल्शियम जवळजवळ नसतानाही त्याचे कल्ले घट्ट राहतात. त्याला बोअरच्या पाण्यात टाकला तर लगेच मरत नाही, म्हणूनच फसायला होतं. कॅल्शियम सावकाश त्याच्या मूत्रपिंडांत साचत जातं.

हे सगळं नंतर वाचताना मला काकू आठवत होती.

काकू गुहागरकडची. लग्न होऊन शेवगावला आली ती मे महिन्यात, आणि तिची पहिली भांडणं सासूशी नव्हे, पाण्याशी झाली. साबणाला फेस येईना. फेसाऐवजी बादलीच्या कडेला राखाडी साका धरायचा, तो नखानं खरवडावा लागे. केस काथ्यासारखे झाले. चहावर पातळ तवंग यायचा, त्याला ती "साय धरली तुमच्या चहानं" म्हणायची. डाळ तर शिजायचीच नाही. आजी चिमूटभर सोडा टाकायची आणि सोड्याच्या वासाचं वरण काकू न बोलता गिळायची. बंबाच्या आत बोटभर पांढरा थर जमलेला. दिवाळीआधी चिंच घालून तो उकळायचा, मग खरवडायचा, हे काम तिनं आपणहून मागून घेतलं. सूड घेतल्यासारखी खरवडायची.

मृगाचा पाऊस सुरू झाला की ती घरातली सगळी पातेली, कळशा, परातसुद्धा पन्हळीखाली मांडायची. ते पाणी फक्त डाळीला आणि डोक्याला. काका हसायचे. आपल्या नगरच्या काळ्या दगडातून पाणी झिरपतं, जाताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगडाचा चुना, मॅग्नेशियम विरघळवत विहिरीत येतं, हे ते मास्तर असल्यामुळे तिला समजावून सांगत. कोकणात जांभा आहे, तिकडच्या पावसानं त्यातलं विरघळण्यासारखं केव्हाच धुऊन नेलंय. काकू ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मग तिकडेच नोकरी बघा की." पुढे तिनं साबण सोडून शिकेकाई-रिठा धरला. त्यांच्या फेसाला जड पाण्याचं वावडं नसतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी ती माहेरी महिनाभर राहून परतली तेव्हा आम्ही पोरं खाऊसाठी भोवती जमलो, आणि ती आजीला तक्रार सांगत होती: तिकडं अंगावरचा साबण जातच नाही, कितीही पाणी ओता, बुळबुळीत ते बुळबुळीतच. आणि चहाला चव म्हणून नाही.

सवयीचं माशांचंही तसंच. आशियातल्या फार्मांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले निऑन टेट्रा मध्यम जड पाण्यात बऱ्यापैकी राहतात. अंडी घालायला मात्र त्यांना हलकंच पाणी लागतं.

माझी अडचण निराळी आहे. पुण्याच्या पूर्वेला आमच्या सोसायटीत पाणी एक नाही. पावसाळ्यात धरणाचं, थंडीत थोडं धरणाचं थोडं बोअरचं, एप्रिलमध्ये टँकरवाला देईल ते. मी थेंबांचं किट आणलं. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब सोडायचे, नारंगी रंग हिरवा होईपर्यंत मोजायचे. एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं म्हटलंय. सुमारे ११ अंशांपासून ३४ पर्यंत, एवढा ऐसपैस माणूस आहे. मासा नाही. शेजारचे गृहस्थ पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगतात आणि त्यालाच पाण्याचा जडपणा समजतात, पण त्या आकड्यात मीठही मोजलं जातं.

सोसायटीनं नुकताच सॉफ्टनर बसवला. साबणाला फेस येतो, सगळे खूश. पण तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम ठेवतो. म्हणजे मॉलीला हवं ते कॅल्शियम गेलं आणि टेट्राला नको ते क्षार एकूणात राहिलेच. दोघांचीही एकदम गैरसोय करणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. स्वयंपाकघरात एक नळ त्याआधीच्या पाइपवरून घेतलाय, टाकीत मी तिथलंच पाणी भरतो.

धरणाचं पाणी येतं त्या महिन्यांत मॉलीला कमी पडू नये म्हणून टाकीत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलाय. जुन्या वाड्याच्या न्हाणीघरातला. शहाबादी म्हणजे चुनखडकच. लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. बाजारात याच कामासाठी सुंदर पाकिटातली पोवळ्याची वाळू मिळते, तिच्यापेक्षा हा तुकडा मला जास्त आवडतो. आरओचं पाणी भरून डिस्कस मासे पाळणाऱ्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्या घरी गेलं की मला मासा दिसत नाही, आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्याच्या बादल्या दिसतात.

मॉलीबरोबर गप्पीही आणले. दुकानात शेपटीच्या रंगावर त्यांची किंमत ठरते. त्यांचेच करडे भाऊबंद डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि आमच्या पाण्यावर ती इतकी खूश आहे, की टाकी आता अपुरी पडते. नदीत, तळ्यात त्यांना सोडायचं नसतं, तिथल्या माशांच्या पोरांवर ते उठतात. दोन मजल्यांवर वाटून झाले, वॉचमनच्या पिंपात दिले. बोअरचं पाणी आणि उघडा हौद असेल कुणाकडे तर कळवावं, पिशवीत भरून देईन. टेट्रा मागू नयेत.