मुठा: नळातली आणि पुलाखालची

सह्याद्रीतून आलेल्या मुठा, आंबी आणि मोसी या तीन नद्यांचे पाणी खडकवासल्याला एकत्र येते. रविवारी मुलांना घेऊन जा. भोवतालचे डोंगर पाण्यात उतरलेले दिसतात. परतताना कसब्यात, शेख सल्ला दर्ग्याजवळ नदीकाठी थांबा. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटले, तेव्हा हीच मुठा काठच्या घरांत शिरली होती. उन्हाळ्यात मात्र पुलाखाली बारीक, काळवंडलेली धार उरते.

‘नदी गेली कुठे?’ मुले विचारतील. ती आपल्या नळात आली. वजूला, स्वयंपाकाला आपण ती वापरली आणि सांडपाणी करून परत पाठवली. पुढे ती मुळेला, मग भीमेला मिळते. खालच्या गावांनाही हेच पाणी. वजूचा नळ बारीक सोडायला मुलांना याच काठावर शिकवावे.